भुसभुशीत हाडातला खिळा

१९८४ च्या पावसाळ्यात माधवनगरला आमची आजी मोरीत घसरली आणि मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. एका दवाखान्यात तीन पात्यांचा खिळा घालून हाड जोडलं. सहाव्या आठवड्यात ती कुशीवर वळली आणि किंचाळली. बाबांनी नवा एक्स-रे खिडकीशी धरला, तर खिळा हाडाचा गोळा फोडून वर आलेला. गल्लीतल्या सुतारमामांनीही तो पाहिला. म्हणाले, "दादा, भित मऊ हाय. खिळ्याचा काय दोष? गिट्टी न्हाई तर खिळा काय धरंल?"

नंतर या विषयाचं जमेल तसं वाचत गेलो, तेव्हा कळलं की मामा बोलले त्याच प्रश्नावर शल्यविशारदांची शंभरेक वर्षं गेली आहेत.

तो खिळा बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांचा, १९२५ चा. त्याआधी खुबा मोडलेलं म्हातारं माणूस म्हणजे महिनोन्‌महिने अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ आणि बहुतेकदा शेवट. तीन पात्यांमुळे गोळा खिळ्याभोवती फिरत नसे, म्हणून हाड जुळायला वेळ मिळे. पण पाती रुततात ती हाडाच्या आतल्या जाळीत, आणि उतारवयात, बायकांमध्ये विशेषतः पाळी गेल्यावर, ती जाळीच विरत जाते. किती विरली हे साध्या एक्स-रेवरून ओळखायची सहा पायऱ्यांची मोजणी १९७० मध्ये मांडली ती भारतीय डॉक्टर मनमोहन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. (हे पंतप्रधान नव्हेत.) आजीचा एक्स-रे कुणी त्या नजरेने पाहिला होता की नाही, देव जाणे.

गिट्टीचा विचार मात्र खिळ्याहूनही जुना. १८९० च्या सुमारास बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी हस्तिदंताचे सांधे बसवले. ते हाडात पक्के राहावेत म्हणून निकेलचा मुलामा दिलेले स्क्रू वापरले, शिवाय राळ, प्यूमिस दगडाची पूड आणि प्लास्टर यांचं मिश्रण भरलं. कल्पना अचूक होती, पण रोगी चुकीचे निवडले. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांत त्यांनी ते बसवले, जंतुसंसर्गाने काम नासलं, आणि वरिष्ठ फॉन बेर्गमान यांनी त्यांची वाट अडवली. सांगली-मिरजेच्या माणसाला हे चटकन समजावं. मिरजेत विल्यम वॉनलेस यांचं इस्पितळ १८९४ पासून चालत आलं, आणि क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळे वानलेसवाडी हे नाव आमच्याकडे घरोघरी माहीत. क्षय हाडाचं काय करतो, हे इथे पुस्तकातून शिकावं लागत नसे.

ग्लुक विस्मरणात गेले. पुढची उडी मँचेस्टरला पडली. जॉन चार्नली यांना सांध्याची दांडी हाडात घट्ट बसवायची होती. दंतवैद्यकातल्या डेनिस स्मिथ यांनी कवळीच्या कामातलं ॲक्रिलिक सुचवलं. पूड आणि द्रव कालवला की लगदा होतो, काही मिनिटांत तापून दगडासारखा घट्ट होतो. चार्नली बजावून सांगत की हा डिंक नव्हे. गवंडी फटीत सिमेंट भरतो तसा तो हाडाच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि भार एका टोकावर न येता सगळीकडे वाटला जातो. त्यांचं सिमेंट टिकलं. टेफ्लॉनची वाटी मात्र झिजली आणि शेकडो रोग्यांना त्रास झाला. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी वाटी पॉलिथिलीनची केली, तेव्हा गाडी रुळावर आली.

आजीची दुसरी शस्त्रक्रिया मिरजेला झाली. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "हाड आता खिळा धरणार नाही. गोळा काढून धातूचा बसवतो, सिमेंट भरतो. सिमेंट दाबताना कधीकधी रक्तदाब एकदम पडतो. या वयात माणूस टेबलावरच जाऊ शकतो. नाही केलं तर त्या उठणार नाहीत." बाबांनी काकांना विचारायला फोन शोधला, लागला नाही, मग सही केली. आजीचा दाब पडला, आणि सावरलाही. तिसऱ्या दिवशी तिला काठीने उभं केलं.

प्लेट आणि स्क्रूचं कोडं याहून उशिरा सुटलं. जुनी प्लेट स्क्रूच्या जोरावर हाडाला आवळून धरते. हाड मऊ असेल तर आटे चिरत जातात आणि एकेक स्क्रू सैल होतो. मग स्क्रूच्या डोक्यालाच आटे पाडून तो प्लेटमध्ये अडकवायची युक्ती आली. पोलंडमध्ये १९८० च्या दशकात झेस्पोल नावाने, आणि २००० च्या आसपास स्वित्झर्लंडच्या एओ गटाच्या प्लेटांतून जगभर. प्लेट आणि स्क्रू मिळून एक चौकट होते. उपटायची तर सगळी एकदम उपटावी लागते. तरी फारच भुसभुशीत हाडात आजही स्क्रूच्या टोकाशी सिमेंट सोडतात. म्हणजे पुन्हा गिट्टीच.

हे सगळं शिकायला परदेशी जावं लागत नव्हतं, याचं मला अप्रूप वाटतं. मिरजेच्या स्वास्थ्ययोग प्रतिष्ठानचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी संपादलेला अस्थिरोगांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ देशभरचे विद्यार्थी वापरत आले. माधवनगरहून रेल्वेने सांगली, विश्रामबाग, की मिरज.

आजी त्यानंतर अकरा वर्षं चालली. भाजी स्वतः निवडून आणायची आणि पाऊस येणार हे खुब्यावरून सांगायची. आम्ही सावडायला गेलो तेव्हा राखेत धातूचा गोळा सापडला, दांडीसकट. सिमेंट जळून गेलं होतं. नदीत टाकायचा की घरी न्यायचा, यावर बाबा आणि काकांचं थोडं वाजलं. शेवटी तो घरी आला. अजून माळ्यावरच्या डब्यात आहे, सुतारमामांनी दिलेल्या स्क्रूंबरोबर.