घाट, भाकीत आणि पैज : टूर द फ्रान्समधील पर्वतीय टप्प्याचे कथनरूप

भविष्यकथन, संभाव्यतेची गणना आणि पैज या तीन कृती वरवर पाहता एकाच कुळातल्या वाटतात. तिन्हींचा रोख अद्याप न घडलेल्या घटनेकडे असतो. परंतु काळाशी असलेले त्यांचे नाते भिन्न आहे. भविष्यकथनाला शेवट आधीच लिहिला गेला आहे असे गृहीत धरावे लागते. गणना शेवट अलिखित असल्याचे मान्य करून उरलेल्या शक्यता मोजते. पैज या दोहोंपैकी कशाचाही आधार घेते आणि शेवट केव्हा झाला असे मानायचे, याचा करार करून मोकळी होते. कथा वाचणारा वाचकही या तिन्ही भूमिका आळीपाळीने घेत असतो. म्हणूनच व्यावसायिक सायकल शर्यतीतील पर्वतीय टप्प्याचा इतिहास हा केवळ क्रीडेतिहासाचा विषय राहत नाही. कथनविचारालाही त्याची दखल घ्यावी लागते.

टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली एका वर्तमानपत्राने, आंरी देग्रांज यांच्या संपादकत्वाखालील 'लॉतो'ने, आपला खप वाढविण्यासाठी सुरू केली. तिचे हे मुद्रित मूळ महत्त्वाचे आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकाला शर्यत काही क्षणच दिसे. तिचा सलग अनुभव वृत्तांतातूनच मिळे. आणि वृत्तांत जितका कालच्या टप्प्याचा, तितकाच उद्याच्या टप्प्याचाही असे. १९१० साली शर्यत पिरेनीज पर्वतातील उंच घाटांवर न्यायची ठरली, तेव्हा पाहणीसाठी गेलेले अल्फाँस स्टेनेस तुर्मले घाटात बर्फात अडकले. मोटार सोडून त्यांनी पायी घाट ओलांडला आणि तार मात्र केली ती रस्ता उत्तम असल्याची. पर्वतीय टप्प्याविषयीचे हे पहिले भाकीत जाणूनबुजून केलेले असत्यकथन होते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये लुशाँ ते बायोन या ३२६ किलोमीटरच्या टप्प्यात काही अंतर सायकल ढकलत चालावे लागलेल्या ऑक्ताव्ह लापीझने आयोजकांना खुनी म्हटले, आणि तो टप्पाही जिंकला. तारेतील शब्द आणि घाटातील देह यांमधील हे अंतर पुढेही बुजले नाही.

सपाटीवरच्या टप्प्यात शेकडो स्पर्धक एकमेकांच्या आडोशाने वारा चुकवीत शेवटच्या काही मीटरपर्यंत एकत्र राहू शकतात. चढावर वेग घटतो, तसा आडोशाचा लाभही घटतो, आणि देहाचे वजन व त्याची शक्ती यांचे प्रमाण निर्णायक ठरते. त्यामुळे चढावरील श्रेष्ठतेचे अनुमान बरेच नेमके करता येते. तरीही टप्प्याच्या विजेत्याचे अनुमान अवघडच राहते. एकूण वेळेत फार मागे असलेले काही जण सकाळीच पुढे निसटतात, आणि त्यांच्यापासून धोका नसल्याने प्रबळ संघ त्यांचा पाठलाग करीतच नाहीत. कोण बलवान आहे हे ठाऊक असूनही कोण जिंकेल हे सांगता येत नाही. रोलां बार्थ यांनी 'मिथॉलजीज' (१९५७) या ग्रंथात टूरचे वीरकाव्य म्हणून जे वाचन केले, त्यातील एक मुद्दा येथे उपयोगी पडतो. या वीरकाव्यात पात्रांची सत्त्वे निश्चित असतात, अनिश्चित असतो तो केवळ त्यांचा संघर्ष. बार्थ यांचे लक्ष मिथकाच्या घडणीकडे असल्याने पैजेचा विचार त्यांच्या वाचनात गौण राहतो. परंतु पैज ज्या भूमीवर उभी राहते ती नेमकी हीच होय.

१९६४ च्या शर्यतीत या तिन्ही कृतींची एकत्र परीक्षा झाली. चार वेळा टूर जिंकलेला झाक आंकतिल शकुन-अपशकुन मानणारा होता. बेलीन नावाच्या ज्योतिष्याने चौदाव्या टप्प्याच्या सुमारास त्याच्यावर अरिष्ट येईल, असे भाकीत वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केले. हे अरिष्ट काही कथनांत अपघाताचे आहे, तर काहींत थेट मृत्यूचे. भाकिताची संहिताच पाठभेदांनी भरलेली आहे. अँडोरातील विश्रांतीच्या दिवशी आंकतिल मेजवानीला गेला. दुसऱ्या दिवशी टप्प्याच्या प्रारंभीच्या आंव्हालिरा घाटात तो प्रतिस्पर्ध्यांच्या सुमारे चार मिनिटे मागे पडला. भाकीत खरे ठरत होते. परंतु ते खरे ठरत होते की मनात शिरून स्वतःला खरे करून घेत होते? धुक्यातून जीव धोक्यात घालून तो उतार उतरला आणि पुढच्यांना गाठले. उलट प्रतिस्पर्धी रेमों पुलिदॉरच्याच सायकलीत बिघाड झाला आणि त्याला दोन मिनिटांहून अधिक काळ गमवावा लागला. भाकीत चुकले असले, तरी घटनेवर त्याचा परिणाम झाला नाही असे म्हणता येणार नाही. ते शर्यतीबाहेरून केलेले विधान नव्हते. शर्यतीतीलच एक घटक होते.

पुढे १२ जुलै रोजी प्वी द दोम या डोंगरावर टप्पा संपला. शेवटच्या चढावर आंकतिल आणि पुलिदॉर खांद्याला खांदा लावून चढत होते. त्या दोघांचे छायाचित्र फ्रेंच क्रीडास्मृतीतील एक आद्य प्रतिमा ठरले आहे. पुलिदॉरने अखेरीस ४२ सेकंद मिळवले. आंकतिलची आघाडी १४ सेकंदांवर आली, पण टिकली, आणि पॅरिसमध्ये तो पाचव्यांदा विजयी झाला. येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. तो टप्पा या दोघांपैकी कोणीच जिंकला नाही. पहिला आला हुलिओ हिमेनेझ आणि दुसरा फेदेरिको बाहामोन्तेस. टप्प्याच्या विजेत्यावर लावलेली पैज हिमेनेझच्या नावाने चुकती होणार. कथा मात्र मागे चाललेल्या दोघांची. पैजेला नाव हवे असते, कथेला संबंध हवा असतो. दोहोंचा विषय एकच घटना असूनही त्यांचे उत्तर एक नसते.

याच डोंगराशी संभाव्यतेच्या इतिहासाचाही एक धागा जोडलेला आहे. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या क्लेरमाँचा ब्लेझ पास्कल याने उंचीबरोबर हवेचा दाब घटतो की नाही हे पडताळण्याची योजना आखली. त्यानुसार १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याचा मेहुणा फ्लोरां पेरिए याने पाऱ्याची नळी प्वी द दोमच्या माथ्यावर नेली. पारा उतरला, अनुमान खरे ठरले. त्याच पास्कलने १६५४ साली पिएर द फर्मा यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात जुगारातील एक जुना प्रश्न सोडवला : खेळ मध्येच थांबवावा लागला, तर पणाला लावलेली रक्कम खेळाडूंत कशी वाटावी? त्यांचे उत्तर असे की, आजवर कोणी किती डाव जिंकले याच्या प्रमाणात नव्हे, तर खेळ पुढे चालू राहिला असता तर प्रत्येकाला जिंकण्याची किती शक्यता होती, त्या प्रमाणात. अलिखित शेवटालाही मोजता येण्याजोगे मूल्य असते, हा विचार येथे सिद्ध झाला.

पैजेचे आधुनिक व्यवहार या विचारावर उभे आहेत. चारास एक हा भाव म्हणजे वीस टक्के संभाव्यतेचे विधान होय. सर्व स्पर्धकांच्या भावांतून निघणाऱ्या टक्क्यांची बेरीज शंभराहून अधिक भरते. ते आधिक्य हाच पैज घेणाऱ्याचा नफा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी रूढ झालेल्या सामायिक पैजपद्धतीत तर भाव कोणी ठरवीतच नाही. सर्वांच्या पैशांच्या एकत्रित वाटणीतून तो आपोआप निष्पन्न होतो. वाचकसमूहाच्या अपेक्षाक्षितिजाचे याहून काटेकोर अंकरूप क्वचितच सापडेल. मात्र भाव हे घटनेचे सत्य नसून अपेक्षेचे सत्य असते, आणि अपेक्षा कथांवर पोसलेली असते.

या पोसण्यातला धोका २००६ साली उघड झाला. १९ जुलै रोजी ला तुस्विरच्या चढावर फ्लॉइड लँडिस कोसळला आणि विजेत्याच्या दहा मिनिटे मागे राहिला. दुसऱ्याच दिवशी मॉर्झीनच्या टप्प्यात पहिल्याच घाटापासून एकट्याने पुढे निघून तो साडेपाच मिनिटांहून अधिक फरकाने जिंकला. गणनेच्या दृष्टीने हे अत्यंत असंभाव्य होते. कथेच्या दृष्टीने मात्र पतनानंतरचे पुनरुत्थान अत्यंत संभवनीय होते. असंभवनीय शक्यतेपेक्षा संभवनीय अशक्यता पत्करावी, असे ॲरिस्टॉटलने कवीला सांगितले आहे. तो निकष येथे वास्तवाला लावला गेला. आठवडा उलटला आणि त्याच टप्प्यानंतर घेतलेल्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन आढळल्याची बातमी आली. २००७ मध्ये लँडिसचे विजेतेपद काढून ऑस्कर पेरेरोला देण्यात आले. पैजा घेणाऱ्यांचा नियम सर्वसाधारणपणे असा असतो, की त्या दिवशी विजयमंचावर जाहीर झालेला निकाल अंतिम, नंतर काहीही बदलले तरी. पैजेचे पुस्तक संध्याकाळी मिटते. इतिहासाचे मिटत नाही. १९९९ ते २००५ या सात वर्षांची लान्स आर्मस्ट्राँगची विजेतेपदे २०१२ साली रद्द झाली आणि त्या जागा कोणालाही न देता कोऱ्या ठेवण्यात आल्या. त्या कोऱ्या जागा हा या शर्यतीच्या संहितेतील सर्वांत प्रामाणिक मजकूर म्हणावा लागेल.

पास्कलचा थांबलेल्या खेळाचा प्रश्न २६ जुलै २०१९ रोजी अक्षरशः उपस्थित झाला. गारा आणि दरड यांमुळे तीन्यकडे जाणारा टप्पा मध्येच थांबवावा लागला. ईझराँ घाटाच्या माथ्यावरच्या वेळा ग्राह्य धरण्यात आल्या. तेथे आघाडीवर असलेल्या एगन बेर्नालकडे पिवळी जर्सी गेली आणि टप्प्याला विजेता उरला नाही. उतार आणि अखेरचा चढ बाकी होता; त्यांत ज्युलियन आलाफिलिपला काय साधता आले असते, त्याचे मोल शून्य धरले गेले. आयोजकांनी वाटणी केली ती भूतकाळाच्या आधारे, उरलेल्या शक्यतांच्या आधारे नव्हे. दुसरा व्यवहार्य मार्ग कदाचित नव्हता. तरीही गणिताने साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या अलिखित शेवटाला मूल्य दिले, ते संस्थेला देता आले नाही, हे नोंदविणे आवश्यक आहे.

भारतीय नाट्यविचारात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. पैज प्राप्त्याशेत जन्मते, परंतु तिला फलागमाखेरीज कशाचेही मोल नसते. भाकीत प्राप्त्याशेलाच नियताप्ति समजते. कथनाचा जाणता वाचक मात्र फलागमानंतरही आधीच्या अवस्थांकडे परततो आणि आपली आशा कशावर उभी होती हे तपासतो. लँडिसच्या विजयाने भारावलेल्यांची फसगत झाली ती माहितीच्या अभावापेक्षा आवडत्या कथेमुळे अधिक. वीरकाव्याची गोडी लावणाऱ्या समीक्षेवरही या फसगतीची काही जबाबदारी येते. जी कथा फारच मनाजोगती जुळून येते, तिच्याविषयी अधिक साक्षेपी राहणे, हे समीक्षेचे काम आहे.

१९८८ नंतर पस्तीस वर्षांनी, ९ जुलै २०२३ रोजी, टूर पुन्हा प्वी द दोमवर आली. सर्वांच्या नजरा पोगाचार आणि विंगेगार्ड या दोघांवर होत्या आणि त्यांच्यात केवळ आठ सेकंदांचा फरक पडला. टप्पा जिंकला तो सकाळीच पुढे निसटलेल्यांपैकी मायकेल वुड्सने. पैजेचे उत्तर एकाच्या नावावर, कथेचे दुसऱ्यांच्या, ही १९६४ ची वाटणी डोंगराने पुन्हा केली.