झाडांची गर्दी आणि चौकट : फोंतेनब्लोच्या अरण्यातली छायाचित्रं

आजचा विषय वरवर पाहता छायाचित्रकारांचा आहे. आपण मात्र तो इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. प्रश्न साधा आहे. जंगलात उभं राहिलं की मन भरून येतं; तिथेच काढलेला फोटो घरी येऊन पाहिला की नुसती काटक्यांची गर्दी दिसते. असं का व्हावं? कारण जंगल आपल्याला चहूबाजूंनी वेढतं आणि फोटोला चारच कडा असतात. या चार कडांशी ज्यांनी सुरुवातीच्या काळात झुंज घेतली, त्यांतले काहीजण फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या अरण्यात काम करत होते.

हे अरण्य पॅरिसपासून साठेक किलोमीटरवर आहे. जुने ओक, बीच, वालुकाश्माचे प्रचंड खडक. एकेकाळी राजांचं शिकारीचं रान. १८४९ साली पॅरिसची रेल्वे तिथवर पोहोचली. अरण्याच्या कडेला बार्बिझाँ नावाचं गाव, तिथे थेओदोर रूसोसारखे चित्रकार आधीपासूनच येऊन राहत होते. त्याच सुमारास कॅमेरा घेऊन गुस्ताव्ह ले ग्रे तिथे जाऊ लागला. त्याचं शिक्षण चित्रकाराचं, पॉल देलारोशच्या हाताखाली झालेलं.

आता त्याच्यापुढच्या अडचणी पाहा. त्या वेळची रसायनं निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत, हिरव्याला जवळजवळ नाहीच. म्हणजे पानं काळी आणि पानांमागचं आकाश पांढरंफटक. फोटोला काही मिनिटं लागत. तेवढ्यात वारा सुटला की फांद्या पुसट. पूर्ण बहरातलं झाड घ्यावं, तर पांढऱ्या भोकांचा काळा गोळा हाती येणार.

यावर ले ग्रेने दोन अंगांनी काम केलं. एक तंत्राचं. कागद वितळलेल्या मेणात आधी भिजवून निगेटिव्ह करण्याची पद्धत त्याने १८५१ साली प्रसिद्ध केली. हा कागद घरी तयार करून ठेवता येई आणि परत आल्यावर त्यातून चित्र उमटवता येई. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये काचेवरची ओली पद्धत जाहीर झाली. तिच्यात मात्र काच ओली असतानाच सगळं उरकावं लागे, म्हणजे अंधारा तंबू जंगलात वाहून न्यायचा. मेणाच्या कागदाने छायाचित्रकाराचं ओझं हलकं झालं. ओझं हलकं झालं की माणूस थांबतो, फिरून पाहतो, चार पावलं बाजूला सरकतो. रचनेची निम्मी कला या चार पावलांत आहे, असं आम्ही म्हणू.

दुसरं अंग निवडीचं. त्याच्या काही चित्रांत तो बुंध्याच्या जवळ जातो. अख्खं झाड दाखवायचा हट्ट नाही. शेंडा कापला गेला तरी चालेल. उरतं काय? खोड, मुळं, खडक, जमिनीवरचा उजेड. हलणारं सोडलं, स्थिर धरलं. कुठे रस्ता घेतला, म्हणजे डोळ्याला आत शिरायला वाट मिळाली. रसायनाची मर्यादा होती, तिचीच त्याने शिस्त केली.

पुढे १८६०च्या आसपास युजेन क्यूव्हेलिए आला. बार्बिझाँच्या गान नावाच्या खानावळवाल्याचा तो जावई, म्हणजे चित्रकारांच्या अड्ड्यातलाच. इतरांनी काच स्वीकारली तरी त्याने कागद सोडला नाही. कागदाच्या धाग्यांमुळे बारीक तपशील विरघळतात, आणि जंगलात तेच हवं असतं! प्रत्येक काटकी तितकीच ठळक दिसली, तर पाहणाऱ्याने थांबायचं कुठे? त्याच्या अनेक चित्रांत उघड्या फांद्या आहेत, त्यांच्यामधून झिरपणारा उजेड आहे. झाडांइतकंच झाडांमधल्या मोकळ्या जागेचंही ते चित्र असतं.

इथवर कलेची गोष्ट झाली. पण निवड कागदावरच राहत नाही, हे आम्हाला आज मुख्यतः सांगायचं आहे. त्याच काळात वनखातं जुने ओक तोडून पाइन लावत होतं. रूसोने झाडतोडीच्या एका चित्राला ‘निष्पापांचं हत्याकांड’ असं नाव दिलं, आणि १८५२ साली सरकारदरबारी अर्जही पोहोचवला. १८५३ साली ६२४ हेक्टर जंगल तोडीतून वगळलं गेलं. १८६१च्या हुकमाने ते १०९७ हेक्टर झालं. नाव काय दिलं? ‘कलात्मक विभाग’! अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या अकरा वर्षं आधी. आपल्याकडे देवराई राखली ती देवाच्या धाकाने. इथे राखलं ते चित्रापोटी.

ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे खटकायला हवं. जे चित्रात शोभत होतं ते वाचलं. जे शोभत नव्हतं, ते? त्याच जंगलाच्या काठावर सरपण वेचणारी गरीब माणसं होती. १८२७च्या वनकायद्याने गावकऱ्यांच्या हक्कांवर आधीच बंधनं आणली होती. बार्बिझाँला राहणाऱ्या मिलेने त्या माणसांना चित्रांत आणलं. ले ग्रेच्या अरण्यात माणूस फारसा दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, इथे कुणी कधी नव्हतंच. रिकाम्या जंगलाचं चित्र सुंदर असतं, आणि ते जंगल कुणाचं, हा प्रश्न ते अलगद मिटवून टाकतं.

तेव्हा तुमच्यापैकी जे मोबाइल घेऊन रानात जातात, त्यांनी ले ग्रेकडून जवळ जाणं शिकावं, क्यूव्हेलिएकडून मोकळी जागा पाहणं शिकावं. काही तरी सोडल्याशिवाय जंगलाचं चित्र होत नाही, हे खरंच आहे. मात्र बटण दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. कडेबाहेर काय राहिलं, ते फोटोत नसलं तरी आपल्याला ठाऊक असावं.