डोंगराला वळसा

बार्शीटाकळीच्या स्टेशनावर माझ्या लहानपणी ‘छोटी लाइन’ची गाडी थांबायची. रुळांमधलं अंतर एक मीटर, म्हणून ती छोटी. अकोल्याला मुंबई-नागपूरची ‘मोठी लाइन’ ओलांडून ती अकोट, धुळघाटमार्गे सातपुडा चढायची आणि खांडव्याला उतरायची. घाटातलं ते काम चाललं, तेव्हा माझे चाचा अठरा वर्षांचे होते.

त्याआधी दक्षिणेकडून निजामाच्या राज्यातली मीटरगेज हिंगोलीपर्यंत येऊन थांबली होती. उत्तरेकडे होळकरांच्या मदतीने इंदूर-खांडवा मार्ग १८७०च्या दशकातच झाला होता. मध्ये राहिलं वऱ्हाड आणि सातपुडा. स्वातंत्र्यानंतर हा दुवा जोडायला घेतला आणि १९६०च्या सुमारास तो पुरा झाला. त्याच काळात सीमाही हलल्या. १९५६ साली वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्रात. खांडवा मात्र मध्य प्रदेशातच राहिलं.

चाचा गावातल्या चार पोरांबरोबर घर सोडून निघाले. फडक्यात भाकरी, खांद्यावर फावडं. टोपल्याने माती वाहायची, सुरुंग लावला की शिट्टी ऐकून पळायचं, रात्री वाघाच्या भीतीने शेकोटी विझू द्यायची नाही. एकदा लाकडं आणायला गेलेले चाचा रान चुकले. एका कोरकू पोराने त्यांना भरावापर्यंत आणून सोडलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चाचांनी त्याला अर्धी भाकरी दिली. जोडीदारांपैकी एक हिवतापाने गेला. त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही.

धुळघाटाजवळ चढ इतका, की रूळ सरळ नेले तर इंजिन चढणार नाही. म्हणून रुळांना डोंगराभोवती फिरवून आणलं. वाट लांबली, चढ सौम्य झाला आणि गाडी पुलावरून आपल्याच रुळांना ओलांडू लागली. मी दहा वर्षांचा असताना चाचांनी मला तिथून नेलं. सगळा डबा खिडक्यांशी गोळा झाला. एरवी बडबडे चाचा मात्र गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, “डोंगराशी भांडाचं नसते बापू, त्याले वळसा घालाचा.”

आमच्या गावावरून २००८ पासून मोठी लाइन धावते. अकोला-अकोट २०१७ साली बंद झाली आणि २०२२ साली रुंद होऊन पुन्हा सुरू झाली. पुढचा जुना मार्ग मात्र मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. १९७४ साली हे रान वाघांसाठी राखलं गेलं. तिथून जलद गाड्या न्याव्यात का, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी नवा मार्ग जंगलाबाहेरून न्यायचं ठरलं.

बातमी वाचली, तेव्हा चाचांची आठवण आली. आता वळसा जंगलाला आहे. ज्या वाघाच्या भीतीने त्यांनी रात्रभर शेकोटी जागवली, त्याच्यासाठी आज रेल्वे बाजूने जाणार आहे. चाचांना ते पटलं असतं. पण धुळघाटचा तो पूल मात्र कुणीतरी जपावा. त्या पोरांची आठवण तेवढीच उरली आहे.