मांडवीचें पाणी आणि गोवें शहर

पॅरिसला गेलेला प्रवासी सीन नदींतून तासाभराचा फेरफटका केल्यावांचून सहसा परत येत नाहीं. तेथील त्या बोटींना 'बातो-मूश' म्हणतात. ल्यों शहराच्या मूश नांवाच्या भागांत त्या बांधल्या जात. १८६७ च्या प्रदर्शनाच्या वेळीं त्या पॅरिसला आणल्या गेल्या, आणि त्याही मौजेसाठीं नव्हे, लोकांची ने-आण करण्यासाठीं. पुढें तें काम आगगाड्यांनीं आणि ट्रामगाड्यांनीं काढून घेतलें, तेव्हां बोटीच्या वांट्याला उरलें तें केवळ शहर दाखविण्याचें काम. युरोपांतील पुष्कळशा जलविहारांची कुळकथा थोडीबहुत अशीच आहे. तीं शहरें नदीकडे तोंड करून बसलेलीं आहेत. त्यांचे वाडे, त्यांचीं देवळें, त्यांचे धक्के पाण्यावरून येणाऱ्याच्या नजरेसाठीं उभारलेले असल्यामुळें रस्त्यावरून हिंडणाऱ्याला त्यांची पाठ तेवढी दिसते.

असें एक शहर पाहण्यासाठीं महाराष्ट्रीय माणसाला सातासमुद्रापलीकडे जाण्याचें मात्र कारण नाहीं. पोर्तुगीजांनीं १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे चारशें एक्कावन्न वर्षें, ज्या भूमीवर राज्य केलें, तेथें मांडवीच्या कांठीं त्यांनीं आपल्या लिस्बनच्या धर्तीचें नगर वसविलें. आज पणजीच्या धक्क्यावरून संध्याकाळीं सहलीच्या बोटी सुटतात, तासाभरांत नदीच्या मुखाच्या बाजूला जाऊन परत येतात. वरच्या मजल्यावर वाद्यें वाजत असतात, देखणी आणि फुगडी चालते, आणि मंडळी खुर्च्या टाकून मावळतीची शोभा पाहतात. ही करमणूक वाईट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु वाद्यांकडे थोडें दुर्लक्ष करून दोन्ही कांठांकडे पाहिलें, तर तोच तास कितीतरी मोलाचा होतो.

देशावरील माणसाला यांत एक अडचण पडते. बीड जिल्ह्यांतील शिरूर कासार हें सिंदफणेच्या कांठचें गांव. ही नदी पावसाळ्यांत फुगते, दोन दिवस वाट अडवून धरते आणि उतरते. उन्हाळ्यांत तिच्या वाळूंतून खुशाल पायीं पलीकडे जावें. अशा मुलुखांतल्या माणसाच्या लेखीं नदी ही ओलांडण्याची वस्तु असते. नदी हाच हमरस्ता आहे, तीच वेस आणि तीच तटबंदी आहे, आणि तिचें पाणी दिवसांतून दोनदां समुद्राच्या तंत्रानें चढतें-उतरतें, ही गोष्ट त्याच्या मनांत सहजीं उतरत नाहीं. गोव्याचा इतिहास मात्र या चढत्या-उतरत्या पाण्याचाच इतिहास आहे.

बोट पश्चिमेकडे निघाली कीं डाव्या हाताला पणजीचा जुना राजवाडा लागतो. तो मूळचा विजापूरच्या आदिलशहाचा. उजवीकडे बेती, त्यापुढें रेइश मागुशचा किल्ला. हा पोर्तुगीजांनीं १५५१ सालीं बांधला. त्याहीपुढें, जेथें नदी समुद्राला मिळते तेथें, १६१२ चा आग्वाद. आग्वाद या नांवाचा संबंध पाण्याशींच आहे: लिस्बनहून येणारीं गलबतें तेथें गोडें पाणी भरून घेत. तेथील टांक्यांत तेवीस लक्ष गॅलनांहून अधिक पाणी मावे असें सांगतात. समोरच्या काबोच्या टेंकडीवरही मोर्चे होते. मुख असें दोहों बाजूंनीं आवळलेलें. डच लोकांनीं सतराव्या शतकांत नाकेबंदी करून पाहिली, तरी शहर त्यांच्या हातीं लागलें नाहीं.

पण हेंच मुख एकदां पोर्तुगीजांच्याच गळ्याचा फांस झालें होतें. आफोंसु द आल्बुकेर्कनें १५१० च्या आरंभीं गोवें घेतलें, आणि मे महिन्यांत विजापूरच्या फौजेनें तें परत जिंकलें. आल्बुकेर्क आपल्या माणसांसह गलबतांवर चढला खरा, परंतु तोंवर मृग तोंडावर आला होता. नैर्ऋत्येचा वारा सुटला कीं मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि जहाज बाहेर पडूं शकत नाहीं. तेव्हां सारा पावसाळा हें आरमार नदींतच अडकून पडलें. बाहेर समुद्र उसळलेला, कांठावर शत्रूच्या तोफा, आणि जहाजावरचें अन्न संपत आलेलें. उंदीर खाण्यापर्यंत पाळी आली. पणजीच्या वाड्यावरून गोळे येत, म्हणून त्यानें एका रात्रीं त्या वाड्यावरच छापा घातला आणि तोफा पळविल्या. आगस्टांत वाट मोकळी झाली, तेव्हां तो निसटला, आणि नोव्हेंबरच्या २५ तारखेस नव्या ताकदीनें परत येऊन त्यानें शहर घेतलें तें कायमचें. जलविहाराची बोट आज ज्या पट्ट्यांत गिरकी घेते, तेथेंच हे उपाशी लोक जवळजवळ तीन महिने नांगरून होते.

बोट येथून मागें वळते. जुनें गोवें तिच्या वाटेवर येत नाहीं, ही मोठी उणीव होय. कारण खरें शहर तें. पणजीहून पूर्वेस, नदीनें वर, सुमारें नऊ किलोमीटरांवर तें होतें. वाटेंत उजवीकडे रायबंदरचा लांबच लांब बांध दिसतो. लिन्यारिशचा काउंट व्हाइसरॉय असतांना १६३३-३४ सालीं तो घातला गेला. मग माडांतून चर्चांचे मनोरे डोकावूं लागतात, आणि धक्क्याशीं व्हाइसरॉयांची कमान येते. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिस्कु द गामा यानें ती १५९९ सालीं उभारली. पणजोबाचा पुतळा नदीकडे तोंड करून तिच्यावर बसविला आहे. नवा व्हाइसरॉय जलमार्गानें येऊन याच कमानींतून शहरांत पाऊल टाकी. आज दिसणारी कमान १९५४ सालीं फिरून बांधलेली आहे.

त्या शहरावर मराठ्यांचा खरा घाव बसला तो १६८३ मध्यें. फोंड्याचा मराठी किल्ला घेण्यासाठीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः चालून गेला होता. छत्रपति संभाजी महाराज धांवून आले, आणि त्याला हात हलवीत परतावें लागलें. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २४ नोव्हेंबरच्या रात्रीं, ओहोटीचें पाणी उतरलेलें पाहून चाळीसएक मराठे जुवें बेटावर उतरले आणि त्यांनीं तेथील किल्ला घेतला. हें बेट राजधानीच्या अगदीं उशाशीं. घोड्यावर वाढलेल्या या लोकांनीं समुद्राचें वेळापत्रक बरोबर ओळखलें होतें, यांतच त्या मोहिमेचें कौतुक आहे. दुसरे दिवशीं व्हाइसरॉय चारशें माणसें घेऊन बेट सोडवावयास गेला. मराठ्यांचें घोडदळ अंगावर येतांच त्याच्या लोकांची फळी फुटली. भरती चढत होती, पळणारे चिखलांत रुतले, कित्येक बुडाले. खुद्द व्हाइसरॉय जखमी होऊन कसाबसा निसटला.

बखरींत याच प्रसंगाची एक कथा आहे. पाठलागाच्या भरांत महाराजांनीं घोडा पाण्यांत घातला, घोडा पोहणीला लागला, आणि खंडो बल्लाळानें उडी टाकून त्यांना वाचविलें. या खंडोबांच्या वडिलांना, बाळाजी आवजींना, महाराजांनींच १६८१ सालीं देहान्त शासन दिलें होतें. कथा अक्षरशः खरी मानावी कीं नाहीं हा वाद असेल. पण ओहोटीनें जें दिलें तें भरती परत मागते, हें सांगणाऱ्याला पक्कें ठाऊक होतें.

भयभीत व्हाइसरॉयानें सेंट झेवियरच्या शवपेटीपाशीं जाऊन आपला राजदंड तेथें ठेवला आणि शहराचें रक्षण त्या संताच्या हवालीं केलें. शहर वांचलें. त्याचें श्रेय ख्रिस्ती लोक संताला देतात. इतिहासकार तें शहाजादा शहाआलमच्या मोंगल फौजेला देईल, कारण ती घाट उतरून कोंकणांत आली आणि १६८४ च्या आरंभीं महाराजांना मोहीम आवरून माघारें फिरावें लागलें. पण वांचलेलें शहर पुन्हां निर्धास्त झालें नाहीं. ज्या पाण्याच्या भरंवशावर तें बसलें होतें, तें पाणी शत्रूलाही वाट देतें, हें आल्व्होरनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यानें राजधानी मुरगांवला हलविण्याचें ठरविलें. तेथें बांधकामही सुरू झालें, पण तें तडीस गेलें नाहीं. इकडे साथीच्या रोगांनीं वस्ती झपाट्यानें ओसरत होतीच. १७५९ सालीं व्हाइसरॉय पणजीच्या जुन्या आदिलशाही वाड्यांत राहावयास आले, आणि १८४३ सालीं पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या शहराचे दगड उचलून नव्या घरांना लागले. राहिलीं तीं चर्चें.

नदीचा पहारा त्यानंतरही संपला नाहीं. १८ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सैन्याची एक तुकडी उत्तरेकडून बेतीच्या कांठीं येऊन पोंचली, तेव्हां सायंकाळ झाली होती. समोर पणजी दिसत होती आणि मध्यें मांडवी होती. त्या काळीं तेथें पूल नव्हता. इकडून तिकडे जावयाचें तें होडीनें. दुसरे दिवशीं सैन्य पाणी ओलांडून शहरांत शिरलें. पुढें पूल झाला, तो ५ जुलै १९८६ रोजीं कोसळला, आणि पणजीकरांना पुन्हां फेरीबोटीच्या धक्क्यावर रांग लावावी लागली. आतां त्या जागीं नवे पूल आहेत. सहलीच्या बोटी त्यांच्याच सावलींतून सुटतात, आणि सुटतांना खलाशी आधीं पाण्याकडे पाहून घेतो.