यंत्राची दिनवही

संगणक अडला की घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो, "एकदा बंद करा आणि पुन्हा चालू करा!" कचेरीतला लिपिक तो देतो, शाळकरी नातू आजोबांना देतो, आणि पुष्कळदा त्याचा गुणही येतो. काम सुरू होते, आपण हुश्श म्हणतो, आणि बिघडले होते काय हे विचारायचे तेवढे राहून जाते. आज मला जे सांगावयाचे आहे ते या राहून जाण्याविषयीच. संगणकाच्या जन्माची कथा आपण कौतुकाने ऐकतो. पण जन्मलेले मूल कोणी सांभाळले, त्याची दुखणीखुपणी कोणी काढली, याचीही एक कथा आहे, आणि माझ्या मते आपल्या रोजच्या उपयोगाची तीच जास्त आहे.

गंमत अशी की आरंभी सल्ला अगदी उलटा होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनिअ‍ॅक' नावाचा प्रचंड संगणक लोकांपुढे आला. वजन सुमारे तीस टन, आणि आत जवळजवळ अठरा हजार निर्वात नळ्या. जुन्या रेडिओत ज्या काचेच्या नळ्या तांबूस उजळत, त्याच जातीच्या. या नळ्या तापताना आणि निवताना दगा देत. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, तर आणखी दोनचार नळ्या जायच्या! म्हणून ते होता होईल तो बंदच करायचे नाही, असा शिरस्ता पडला. पुढे सुधारणा होत होत दोन दिवसांतून एखादी नळी जाण्यापर्यंत मजल आली. एवढे असूनही हे यंत्र एकाही बिघाडावाचून सलग चालले ते जास्तीत जास्त ११६ तास, आणि तेही १९५४ साली.

अठरा हजारांतली गेलेली नळी शोधायची कशी? हे काम ज्यांना उत्तम साधले त्या सहा तरुण स्त्रिया होत्या: बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, कॅथलीन मॅकनल्टी, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिक्टरमन. यंत्राला गणित घालून देण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. शिकवायला पुस्तक नव्हते. सुरुवातीस तर गुप्ततेच्या नियमामुळे यंत्राच्या खोलीत जाण्याचीही मुभा नव्हती. जोडण्यांचे आराखडे समोर पसरून त्यांनी यंत्र समजून घेतले, आणि ते इतके नेमके की चूक कुठे आहे हे त्या थेट एखाद्या नळीपर्यंत जाऊन सांगू लागल्या. १९४६ च्या त्या प्रात्यक्षिकाचे गणितही त्यांनीच यंत्रात मांडले होते. समारंभानंतर मेजवानी झाली, तिचे आमंत्रण मात्र त्यांना नव्हते. त्यांच्या कामाची जाहीर दखल घेतली गेली ती १९९७ साली, म्हणजे अर्धशतक उलटल्यावर. यंत्र घडविणाऱ्याचे नाव राहते, चालते ठेवणाऱ्याचे राहत नाही, ही रीत अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क दोन' या यंत्राची चाचणी चालली होती. त्यात नळ्यांऐवजी रिले होते. वीज आली की लोखंडी पट्टी ओढली जाते आणि दोन टोके एकमेकांना टेकतात, एवढेच रिलेचे काम. ९ सप्टेंबर १९४७ रोजी यंत्र चुकू लागले. शोध घेता घेता सत्तर क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला आढळला. टोके टेकणार कशी! काम करणाऱ्या मंडळींनी तो चिमट्याने काढला, दिनवहीच्या पानावर चिकटपट्टीने डकवला, आणि शेजारी मिस्किलपणे लिहिले की खरोखरीचा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ.

या प्रसंगावरूनच बिघाडाला 'बग' म्हणजे किडा म्हणू लागले, असे सांगतात. ते काही खरे नव्हे. थॉमस एडिसनने १८७८ सालीच एका पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरला होता. शब्द आधीपासून रूढ होता म्हणून तर त्या विनोदाला अर्थ! ग्रेस हॉपर या विदुषी ही हकीकत पुढे रंगवून सांगत, त्यामुळे पतंगाचे श्रेय लोकांनी त्यांनाच देऊन टाकले. पण मला त्या पतंगापेक्षा ती वही मोलाची वाटते. वेळ लिहिली, जागा लिहिली, कारण सापडले तेही लिहिले. म्हणून तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ते पान आजही आहे, आणि इतक्या वर्षांनी आपण खऱ्याखोट्याची शहानिशा करू शकतो.

येथवर दोष यंत्राचा होता. ६ मे १९४९ रोजी इंग्लंडात केंब्रिज येथे 'एडसॅक' हा संगणक सुरू झाला, आणि महिन्याभरातच त्याचे जनक मॉरिस विल्क्स यांच्या ध्यानात एक नवीच गोष्ट आली. त्यांनी स्वतः लिहिलेल्या १२६ ओळींच्या आज्ञावलीत सुमारे वीस चुका निघाल्या! यंत्र निर्दोष होते, चुकत होता तो सांगणारा. आता आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच चुका शोधण्यात जाणार, अशी जाणीव त्यांना जिना चढता चढता झाली, आणि पुढे आत्मचरित्रात त्यांनी ती मोकळेपणाने नमूद केली.

तिसरी तऱ्हा याहून नवलाची. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत १९६० नंतरच्या वर्षांत एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय झाली. ज्याचे काम त्यानेच पाहावे म्हणून प्रत्येकाला एक गुप्त परवलीचा शब्द मिळाला. आपण आज 'पासवर्ड' म्हणतो तो हाच. १९६६ साली एके दिवशी जो कोणी काम सुरू करी त्याच्यापुढे नेहमीच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या परवलींची यादीच छापून येऊ लागली! कारण तपासले तर ते अगदी साधे निघाले. दोन व्यवस्थापक एकाच वेळी कामाला बसले होते, एक सूचना दुरुस्त करीत होता, दुसरा यादी. दोघांचेही कच्चे काम यंत्र एकाच नावाच्या तात्पुरत्या कप्प्यात ठेवीत होते, आणि तिथे अदलाबदल झाली. यंत्र चुकले नाही, दोघे व्यवस्थापकही चुकले नाहीत. एका वेळी एकच माणूस हे काम करील, असे जे धरून चालले होते ते चुकले.

आपल्याकडे या विद्येचा पाया मुंबईत घातला गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन् यांच्या गटाने १९५६ मध्ये एक लहान नमुना-यंत्र चालवून दाखवले, आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कामाला लागला. सुमारे २,७०० नळ्या त्यात होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. या गटातल्या बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक वापरलेलासुद्धा नव्हता. आता सांगा, असे यंत्र अडले तर बोलवायचे कोणाला? ज्यांनी बांधले त्यांनीच दुरुस्त करायचे. दुरुस्ती हा हलका उद्योग नसून विद्येचाच भाग आहे, हे त्या पिढीला वेगळे शिकवावे लागले नाही.

आता पुन्हा आपल्या घरगुती सल्ल्याकडे येऊ. बंद करून चालू केल्याने काम का होते? चालता चालता संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात अर्धवट कामांचा गुंता साचतो. वीज गेली की तो पुसला जातो आणि यंत्र आपल्या मूळ, ठाऊक असलेल्या स्थितीतून आरंभ करते. पाटी पुसून गणित पहिल्यापासून मांडावे, तसे हे आहे. पण पाटीबरोबर चूक कुठे झाली याची खूणही पुसली जाते, आणि तोटा आहे तो इथे.

माझ्या पाहण्यातल्या एका परीक्षा-कचेरीत संगणक अधूनमधून आपोआप बंद पडे. कोणीतरी तो चालू करी आणि काम पुढे रेटी. पुढे पेपर दिलेल्या एका मुलाच्या गुणपत्रिकेवर 'अनुपस्थित' असा शेरा आला, आणि हेलपाटे घालायची पाळी त्याच्या आईवर आली. मग तिथल्या एका बाईंनी कोणी न सांगता साधी शंभर पानी वही घातली. यंत्र कधी बंद पडले, तेव्हा काय चालले होते, एवढेच त्यात लिहायचे. पंधरा दिवसांत उलगडा झाला. प्रत्येक वेळ संध्याकाळची होती, आणि नेमकी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर लावण्याची. मोटर सुरू झाली की विजेचा दाब क्षणभर पडे, सांभाळून घेणाऱ्या यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली, आणि शेवटी भरलेले, पण न साठवलेले गुण त्या क्षणी नाहीसे होत. नवी बॅटरी बसली, रोग गेला. त्या बाई काही संगणकतज्ज्ञ नव्हत्या, पण 'मार्क दोन'ची वही लिहिणाऱ्यांच्या पंक्तीला त्यांना खुशाल बसवावे.

तेव्हा यंत्र अडले तर बंद करण्याआधी पडद्यावर काय उमटले आहे ते उतरून घ्या, हवे तर मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढा. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही. महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहा. आणि हो, आपल्या कचेरीत अशी वही लिहिणारे कोणी असेल, तर यंत्र नीट चाललेले असताना एखाद्या दिवशी त्यांची आठवण ठेवून चार शब्द बोला. बिघाड झाला म्हणजे त्यांना हाक मारायला आपण विसरत नाहीच!