दीर-भावजय विवाह

दीर-भावजय विवाह : मृत पुरुषाच्या विधवेशी त्याच्या भावाने लग्न करण्याची रीत. प्राचीन इस्राएलच्या धर्मशास्त्रात, बायबलच्या ‘अनुवाद’ ग्रंथात (25:5–10), ती आज्ञा म्हणून येते. यहुदी परंपरेत तिला यिब्बूम म्हणतात. वऱ्हाडातल्या बंजारा आणि गोंड समाजांत विधवेने धाकट्या दिराशी पाट लावण्याची जुनी चाल तिच्या चुलत नात्यातली.

या आज्ञेची गणना सहसा लैंगिक नीतिनियमांत होते, पण ती मुळात वारसाहक्काची तरतूद आहे. ‘लेवीय’ ग्रंथ (18:16) भावाच्या बायकोशी संबंध निषिद्ध ठरवतो. मग तोच संबंध दुसरीकडे कर्तव्य कसा होतो? अटी पाहिल्या की उलगडा होतो : भाऊ एकत्र राहत असावेत आणि मृताला मुलगा नसावा. पहिला मुलगा मृताच्या नावाने चालतो. यावर आक्षेप असा, की या वचनांत जमिनीचा उल्लेखही नाही. काळजी आहे ती नाव पुसले जाऊ नये याची. उल्लेख नाही हे खरे. पण ‘गणना’ ग्रंथात (27) सलाफहादाच्या मुली बापाचे नाव नाहीसे होऊ नये म्हणतात आणि मागतात वतन! रूथच्या कथेतही शेत सोडवून घेणाऱ्यावर मृताच्या विधवेची जबाबदारी येते आणि पायतण काढून देऊन व्यवहार पक्का होतो. ‘अनुवादा’त नकार देणाऱ्या दिराचे पायतण विधवा काढते, त्याच्या तोंडावर थुंकते, या विधीला हलित्सा म्हणतात. व्यभिचाराला देहान्त सांगणारे शास्त्र इथे चारचौघांतल्या नाचक्कीवर थांबते. मृत भावाच्या विधवेबाबत हेच कर्तव्य वाट्याला आलेल्या ओनानच्या गोष्टीवरून पुढे लैंगिक पापाचा मोठा सिद्धान्त रचला गेला, पण ‘उत्पत्ती’त (38) तो टाळतो ते भावासाठी वंश उभा करणे.

वऱ्हाडी पाटाशी याची सरसकट बरोबरी मात्र करता येत नाही. इथे थोरला दीर वर्ज्य. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात कर्तव्य आधी थोरल्याकडेच जाते. पाटात विधवेला मूल असले तरी अडत नाही आणि नव्या संततीला मृताच्या नावाने चालवण्याची सक्ती नसते. त्या बाबतीत यिब्बूमला जवळचा आहे तो नियोग, म्हणजे निपुत्रिक स्त्रीने पतीच्या वंशासाठी दिराकडून संतती मिळवण्याची रीत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तो आधी सांगून लगेच निंदिलेला आहे. घरातली सून आणि तिची लेकरे घरातच राहावीत, हा पाटामागचा हिशेब उघड आहे. त्याला विधवेवरची दया एवढेच म्हणणे भाबडेपणाचे होईल.

महाराष्ट्रातल्या यहुद्यांना या नियमांची झळ बसली ती इस्राएलमध्ये. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएलांच्या मागच्या पिढ्यांत घटस्फोट आणि विधवांची लग्ने शास्त्राप्रमाणे झाली होती का, अशी शंका घेऊन 1962 मध्ये मुख्य धर्मपीठाने इतर यहुद्यांशी त्यांच्या लग्नाआधी वंशचौकशीचा आदेश काढला. शेजाऱ्यांच्या प्रभावाने विधवाविवाहच टाळणाऱ्या समाजावर ही शंका अन्यायाची होती. समाजाच्या आंदोलनानंतर 1964 मध्ये आदेश बदलावा लागला. खुद्द यिब्बूम त्याच धर्मपीठाने 1950 मध्येच बंद करून हलित्सा सक्तीचा केला होता.

भारतात 1955 चा हिंदू विवाह कायदा भावाच्या पत्नीशी विवाह निषिद्ध नात्यांत धरतो, मात्र दोन्ही पक्षांच्या रूढीने मुभा असल्यास तो वैध मानतो.