गोल पिनेचा कीबोर्ड

कीबोर्डवरची कळ दाबली की केबलमधून अक्षर जात नाही, कळीचा क्रमांक जातो. कोणत्या कळीला कोणता क्रमांक आणि तो कोणत्या रीतीने पाठवायचा, हे ठरवणारे नियम वेळोवेळी बदलले. जुना, धडधाकट कीबोर्ड नव्या संगणकावर मुका राहतो तो बऱ्याचदा यामुळेच.

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डला ८३ कळा होत्या आणि पाच पिनांचा गोल प्लग होता. प्लग जर्मन मानकसंस्थेच्या, म्हणजे ‘डीआयएन’च्या, नमुन्याचा. युरोपात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर जोडायला तो आधीपासून वापरात होता. १९८४ च्या पीसी-एटीने हा प्लग तसाच ठेवला, पण नियम बदलले. ‘ए’ची कळ पूर्वी ३० पाठवी, आता २८ पाठवू लागली. कळ सोडल्याची वर्दी पूर्वी क्रमांकात १२८ मिळवून जाई, आता क्रमांकाआधी २४० लावून. शिवाय संगणकही कीबोर्डला हुकूम देऊ लागला. कॅप्स लॉकचा दिवा लावणे-विझवणे त्याच्याकडे गेले. जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून मदरबोर्डवरची ८०४२ ही चिप २८ चे पुन्हा ३० करून देई.

प्लग चपखल बसतो आणि कीबोर्ड मात्र चालत नाही, ही फसगत इथली. त्या काळच्या अनेक कीबोर्डांच्या तळाला ‘एक्सटी’ (म्हणजे एटीच्या आधीची जुनी रीत) आणि ‘एटी’ असे लिहिलेला लहानसा स्विच असे. असा कीबोर्ड हाती आला तर आधी हा स्विच पाहावा.

१९८७ च्या पीएस/२ मालिकेत नेमके उलटे झाले. प्लग लहान, सहा पिनांचा झाला, नियम एटीचेच राहिले. म्हणून या दोहोंत बिनचिपचा, स्वस्त अडॅप्टर पुरतो. चालू संगणकात पीएस/२ कीबोर्ड जोडला तर मात्र तो पुष्कळदा ओळखला जात नाही; संगणक बंद करूनच जोडावा.

१९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले आणि प्लग व नियम दोन्ही बदलले. आता संगणक ठरावीक अंतराने विचारतो आणि कीबोर्ड उत्तर देतो. पीएस/२ प्लगवर चढवायचे छोटे यूएसबी अडॅप्टर नुसत्या तारा जुळवतात, भाषांतर करत नाहीत. ज्या कीबोर्डच्या चिपला दोन्ही रीती येतात त्यालाच ते चालतात. आयबीएमच्या १९८५ पासूनच्या प्रसिद्ध ‘मॉडेल एम’चे जुने नग एकच रीत जाणतात, त्यांना आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. जुने सर्किट वीजही जास्त खाते. दिवे क्षणभर लुकलुकून कळा मृतच राहिल्या, तर दुसरा, चांगल्या प्रतीचा कन्व्हर्टर लावून पाहावा, कीबोर्ड भंगारात टाकण्याची घाई नको.

एक्सटी कीबोर्डला यातले काहीच उपयोगी नाही. बाजारातले नेहमीचे कन्व्हर्टर एटीचे क्रमांक धरून बनवलेले असतात. त्याला एक्सटीची रीत जाणणाराच लागतो.